त्याच बनावटीचं इंजिन

या भागाचा व्हिडिओ ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल, सुरुवातीचं दीड मिनिट मी काहीच बोलत नाही. पडद्यावर एक लाल मोटार, तिचं उघडं बॉनेट आणि आवाज, एवढंच. आता पुस्तकात आवाज कुठून आणणार? तो शब्दांत सांगावा लागेल, आणि त्यासाठी थोडं मागून यावं लागेल.

आम्ही निघालो होतो ते नानासाहेब पेशव्यांच्या मागावर. बिठूर झालं, कानपूर झालं, आणि शेवटच्या दोन दिवसांत लखनौची रेसिडेन्सी चित्रित करायची होती. जानेवारी महिना. उत्तरेतलं धुकं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, सकाळी दहा वाजता समोरच्या रिक्षाचा दिवा तेवढा दिसतो, रिक्षा दिसत नाही. कॅमेरा बाहेर काढण्यात अर्थ नव्हता. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो ते निवृत्त डॉक्टर. आम्ही त्यांना डॉक्टरसाहेब म्हणतो, इथंही तेच म्हणेन. चहा पिता पिता ते म्हणाले, ‘‘धुकं उठेपर्यंत तुम्ही रिकामेच आहात ना? मग चला. आज माझी गाडी सुरू होणार आहे. म्हणजे, झाली तर.’’

गाडी ४० वर्षांहून जास्त काळ बंद होती.

लाटूश रोडला आता दुसरं नाव आहे, पण लखनौकर जुनंच नाव घेतात. त्याच्या मागच्या एका गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती. एमजीए. १९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एक लाखाच्या वर निघालेली, दोन माणसांची, बसकी, उघडी स्पोर्ट्स कार. त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या, आपल्याकडे मोजक्या आल्या. ही डॉक्टरसाहेबांच्या वडिलांनी विलायतेतलं शिक्षण संपवून परतताना बोटीतून आणली होती. (आज आपल्या रस्त्यांवर एमजी नावाच्या मोठ्या गाड्या दिसतात. त्यांचा हिच्याशी संबंध नावापुरता.)

१९७० च्या दशकाच्या शेवटी, कानपूरच्या रस्त्यावर, तिच्या इंजिनातला एक कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला. मेकॅनिकच्या भाषेत, इंजिनाला खिडकी पडली. तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली.

आता त्या गाडीत दुसरं इंजिन बसवलं होतं. मी वाकून पाहिलं आणि खरं सांगतो, माझा चेहरा पडला. इंजिन अँबॅसेडरचं होतं. आपल्या पांढऱ्या, मंत्र्यांच्या, टॅक्सीवाल्यांच्या अँबॅसेडरचं. मी मनात म्हटलं, पैठणीला गोधडीचं ठिगळ लावलं की हो.

माझा चेहरा उस्तादांनी पाहिला असावा. उस्ताद म्हणजे तिथले मुख्य मिस्त्री, वय सत्तरीच्या पुढे, डोक्याला मफलर. ते एवढंच म्हणाले, ‘‘जनाब, ख़ानदान एक ही है।’’

मला वाटलं, हा लखनवी अदबीचा भाग असावा. तसं नव्हतं. ते शब्दशः खरं बोलत होते, आणि आजचा विषय तोच आहे.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमध्ये विल्यम मॉरिसच्या गाड्या विकणारं हे दुकान. तिथले व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२० च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या, हलक्या बॉड्या चढवून विकायला सुरुवात केली. म्हणजे जन्मापासूनच एमजीचा संसार उसनवारीवर. इंजिन घरगुती मोटारीचं, नखरा स्पोर्ट्स कारचा. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर गाजलेल्या एमजी टीसी आणि टीडी या गाड्यांचं १२५० सीसीचं इंजिन हे मॉरिस टेन नावाच्या कुटुंबवत्सल गाडीच्या इंजिनाचंच वाढवलेलं रूप होतं.

आणि मॉरिस टेन आपल्याला परकी नाही. १९४२ मध्ये बिर्लांनी हिंदुस्थान मोटर्स स्थापन केली, ती गुजरातेत ओखा बंदरावर. तिथं युद्धानंतर जी पहिली गाडी जुळवली जाऊ लागली ती हिंदुस्थान टेन, म्हणजे मॉरिस टेनच. पुढे कारखाना कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला गेला, पण मॉरिसशी लागलेली सोयरीक टिकली.

१९५२ मध्ये इंग्लंडात मॉरिस आणि ऑस्टिन हे दोन हाडवैरी एकत्र आले आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन तयार झाली. थोडक्यात बीएमसी. मुंबईकरांनी दचकू नये, पाणीपट्टीचा इथं विषय नाही. या बीएमसीने ठरवलं, की प्रत्येक गाडीला वेगळं इंजिन करत बसायचं नाही. लहान गाड्यांना ए-सिरीज, मधल्यांना बी-सिरीज, मोठ्यांना सी-सिरीज. बी-सिरीजमधलं एक इंजिन १४८९ सीसीचं. चार सिलिंडर, ७३ मिलिमीटर बोअर, ८९ मिलिमीटर स्ट्रोक, ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचं. जड, ओबडधोबड आणि मरता मरत नाही असं.

१९५५ मध्ये एमजीए आली, तिच्यात हेच इंजिन होतं. आणि उत्तरपाड्याला मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीवरून अँबॅसेडर सुरू झाली, तिच्यात आधी जुनं साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं; १९५९ मध्ये ते काढून जे घातलं ते हेच १४८९ सीसी. एकच बोअर, एकच स्ट्रोक. फरक होता तो वरच्या कारभारात. एमजीएला दोन एसयू कार्बोरेटर, अँबॅसेडरला एक. एमजीएचं कॉम्प्रेशन जास्त, अँबॅसेडरचं कमी, कारण आपल्याकडचं पेट्रोल तेव्हा हलकं. त्यामुळे एकीकडे ७२ हॉर्सपॉवर, दुसरीकडे ५५. एक भाऊ तालमीत गेला, एक कचेरीत.

हा तालमीतला भाऊ किती तयार होता, तेही सांगतो. गाडी बाजारात येण्याआधी, जून १९५५ मध्ये, एमजीने तिचे तीन नमुने फ्रान्समधल्या ल मां इथं २४ तासांच्या शर्यतीत उतरवले. मोटार शर्यतींच्या इतिहासातला सर्वात भीषण अपघात त्याच शर्यतीत झाला, ८० हून जास्त माणसं गेली. एमजीच्या तीनपैकी एक गाडी कोसळून तिचा चालक गंभीर जखमी झाला. उरलेल्या दोन गाड्या रात्रभर पळून १२ व्या आणि १७ व्या आल्या. म्हणजे आपली अँबॅसेडर लग्नाचं वऱ्हाड भरून घाट चढताना जे घरघरत असे, त्याचं सख्खं भावंड ल मां पळालेलं आहे. मला हे लखनौच्या शेडमध्ये उभं असताना माहीत नव्हतं असं नाही. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या माहीत होत्या, पण कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

आता इंजिन बदलणं ही गोष्ट जगात काही नवी नाही. सर्वात गाजलेलं उदाहरण कोब्राचं. इंग्लंडची एसी कंपनी एस नावाची सुंदर गाडी बनवत असे, तिच्यासाठी लागणारं ब्रिस्टल कंपनीचं इंजिन १९६१ मध्ये बंद होणार असं ठरलं. टेक्ससचा कॅरल शेल्बी हा शर्यतवीर म्हणाला, तुमची गाडी मला द्या, मी तिच्यात फोर्डचं व्ही-एट घालतो. फेब्रुवारी १९६२ मध्ये इंजिनाविना एक गाडी लॉस एंजेलिसला उतरली, आणि डीन मून यांच्या वर्कशॉपमध्ये आठ तासांच्या आत इंजिन चढवून ती रस्त्यावर धावलीसुद्धा. एमजीबीचंही तेच. केन कॉस्टेलो या इंग्रज गृहस्थाने तिच्यात रोव्हरचं ॲल्युमिनियमचं व्ही-एट बसवून विकायला सुरुवात केली, आणि ते पाहून १९७३ मध्ये एमजीने स्वतःच तशी गाडी काढली. ते रोव्हरचं इंजिन तरी मूळ कुणाचं? अमेरिकेतल्या ब्यूकचं.

पण तिकडे हे सगळं मुख्यतः वेगासाठी. आपल्याकडे इंजिन बदललं जात असे ते गाडी उभी राहू नये म्हणून, आणि यामागे एक तारीख आहे. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की ज्यांचा भारतात खरोखर गाड्या बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच इथं राहावं. नुसते सुटे भाग आणून जुळवणाऱ्यांना जागा नाही. मुंबईला शिवडीत १९२८ पासून गाड्या जुळवणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये गाशा गुंडाळून गेली. फोर्डही गेली. त्यांच्या गाड्या मात्र इथंच राहिल्या. पार्ट संपले, आयातीचं लायसन्स मिळेना, आणि मग मिस्त्री लोकांनी हातात येईल ते इंजिन चढवलं. प्रीमियरने कुर्ल्याला जुळवलेल्या डॉज आणि प्लिमथ डिझेल इंजिन लावून टॅक्सी म्हणून धावल्या. दिल्लीत युद्धातल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींच्या फटफट्या झाल्या, आणि पुढे त्यांतही डिझेल इंजिनं बसली. उत्तरेत पंपसेटचं इंजिन लाकडी गाड्यावर ठेवून जे वाहन केलं त्याचं नावच जुगाड.

महाराष्ट्रातही याची एक हौशी शाखा आहे. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीची छोटी रोडस्टर बनवली, तिच्यात १.८ लिटरचं इसुझू इंजिन घातलं. हे इसुझू कुठलं? १९९२ पासून अँबॅसेडरमध्ये येऊ लागलं तेच. पुन्हा अँबॅसेडर. या देशात स्पोर्ट्स कारची हौस करायची तर अँबॅसेडरच्या दारातूनच जावं लागतं असं दिसतं.

उस्तादांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण त्यांचं शिक्षण जिथं झालं ती जागाही एका प्रकारे इंजिन बदलण्याचीच गोष्ट आहे. ते कानपूर रोडवर सरोजिनी नगरला स्कूटर्स इंडियात टूलरूममध्ये होते. इटलीत मिलानमधल्या लांब्राते इथं इनोचेंटी कंपनी लॅम्ब्रेटा स्कूटर बनवत असे. तिने ती बंद केल्यावर १९७२ मध्ये भारत सरकारने स्कूटरचा सगळा कारखानाच विकत घेतला. यंत्रं, साचे, ड्रॉइंगं, सगळं. ते खोक्यांत भरून लखनौला आलं आणि १९७५ पासून इथं लॅम्ब्रेटा निघू लागली. देशात तिचं नाव विजय, बाहेर लॅम्ब्रेटा. मुंबईत एपीआयची लॅम्ब्रेटा आधीपासून होतीच, तिची पुढे लॅम्बी झाली. आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांनी तिच्या मागच्या सीटवर बसून शाळा गाठली असेल. गंमत पुढची आहे. १९७२ मध्येच इनोचेंटीची मोटारींची बाजू घेतली ती ब्रिटिश लेलँडने, म्हणजे बीएमसीच्या वारसदाराने. एकाच घराची वाटणी झाली, मोटारी इंग्रजांकडे, स्कूटर लखनौकडे. आणि लखनौच्या त्या टूलरूममध्ये शिकलेला माणूस आता बीएमसीचं इंजिन उघडून बसला होता.

स्कूटर १९९७ मध्ये बंद झाल्या. विक्रम हे तीनचाकी वाहन काही काळ चाललं. जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कारखाना बंद करायला मंजुरी दिली. उस्ताद त्याच्या कितीतरी आधी बाहेर पडले होते. मी विचारलं, वाईट वाटलं का? ते म्हणाले, ‘‘इटलीवाले यंत्र विकायला तयार झाले तेव्हा त्यांच्या मिस्त्रींनाही वाटलं असेल.’’ आणि पाना उचलून कामाला लागले.

इंजिन आलं कुठून? भंगारात निघालेल्या, १९८० च्या दशकातल्या एका अँबॅसेडरमधून. अँबॅसेडरचं उत्पादन मे २०१४ मध्ये थांबलं, तरी लखनौसारख्या राजधानीच्या शहरात सरकारी गाड्यांचा साठा मोठा होता आणि जुन्यांतलं हे पेट्रोल इंजिन अधूनमधून सापडतं. उस्तादांनी त्याला बोअर करून नवे पिस्टन-रिंग घातले, नवा कॅमशाफ्ट घातला. एमजीएचं मूळ हेड, दोन कार्बोरेटर, फ्लायव्हील, मागची प्लेट, हे सगळं नव्या ब्लॉकवर चढवलं. गिअरबॉक्स एमजीएचाच ठेवला, कारण अँबॅसेडरचा गिअर स्टिअरिंगपाशी असतो आणि एमजीएला तो मांडीजवळ, आखूड दांड्याचा लागतो. ‘‘बोल्ट अपनी जगह पहचान रहे थे,’’ उस्ताद म्हणाले.

एक गोष्ट मात्र जुळली नव्हती. एमजीएच्या टॅकोमीटरला, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याला, कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाकडून एका छोट्या गिअरने फिरवलं जातं. त्यासाठी एमजीएच्या ब्लॉकला भोक असतं. या ब्लॉकला नव्हतं. त्यामुळे डॅशबोर्डवरचा तो मोठा, सुंदर काटा शून्यावरच राहणार होता.

डॉक्टरसाहेबांची खरी चिंता वेगळीच होती. ते खिशातून एक कागद काढून दाखवू लागले. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. मालकाने गाडीत असा बदल करू नये, की ज्याने नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी जुळणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. पण त्याच कलमात त्याच बनावटीचं आणि त्याच प्रकारचं इंजिन घालण्याचा उल्लेख आहे, आणि बदल केल्यावर १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं.

आता सांगा मंडळी, हे इंजिन त्याच बनावटीचं आहे की नाही?

प्रकार तोच, यात वाद नाही. पण बनावट? एका ब्लॉकचं ओतकाम इंग्लंडचं, दुसऱ्याचं बंगालमधलं. एकाच्या कागदावर एमजी, दुसऱ्याच्या हिंदुस्थान मोटर्स. आणि दोघांचं ड्रॉइंग एका टेबलावरचं. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असं भावंडांचं प्रकरण आलं नसणार.

याला जोडून दुसरा पेच. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी नवे नियम काढले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी विंटेज ठरते. तिला नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात, नोंदणीला २०,००० रुपये लागतात. डॉक्टरसाहेबांच्या काही मित्रांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, की अँबॅसेडरचं इंजिन घातलंस की ही पाटी विसर. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मला स्वतःला, इतिहास सांगणारा माणूस म्हणून, जुनी वस्तू जशी आहे तशी ठेवावी असंच वाटतं. खिडकी पडलेलं इंजिन गाडीत राहू द्यावं, गाडी काचेआड ठेवावी. निदान विलायतेहून खरं एमजीएचं इंजिन मागवावं. मी तसं बोललोही.

डॉक्टरसाहेब म्हणाले, ‘‘विलायतेहून आलेलं इंजिनही याच्या नंबराचं नसणारच. आणि तुम्ही नियम पूर्ण वाचलात का? विंटेज पाटीची गाडी रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. मला ती दाखवायची नाहीये हो. मला तिच्यात बसून भाजी आणायला जायचंय. वडील जायचे.’’

यावर मी काय बोलणार?

आता सुरू करण्याकडे येऊ. नवीन बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करणं हे काम जितकं वाटतं त्याहून जास्त धोक्याचं असतं. सगळ्यांत आधी तेल. बेअरिंगवर तेल पोचण्याआधी इंजिन जोरात फिरलं तर महिन्यांचं काम मिनिटात वाया. म्हणून उस्तादांनी चारही प्लग काढून ठेवले होते, म्हणजे इंजिन हलकं फिरावं, आणि डॉक्टरसाहेबांना स्टार्टर ओढायला सांगितलं. हो, ओढायला. एमजीएला किल्लीने सेल्फ लागत नाही. डॅशबोर्डवर एक खुंटी असते, ती ओढायची. इंजिन नुसतं कुरकुरत फिरू लागलं. तेलाच्या दाबाचा काटा मेल्यासारखा. दहा सेकंद थांबून पुन्हा. पुन्हा थांबून पुन्हा. चौथ्यांदा काटा हलला, आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला तो धुक्यात दिसला.

दरम्यान बॅटरीवरून एक गोंधळ टळला. या जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचा प्लस अंगाला लावलेला असतो, आजच्या गाड्यांच्या नेमका उलटा. शेडमधला एक पोरगा सवयीने मायनस अंगाला लावू पाहत होता. उस्तादांनी त्याचा हात धरला, ओरडले नाहीत. ‘‘बेटा, ये अंग्रेज़ है, उल्टा चलता है।’’

प्लग बसले. किल्ली फिरवली, आणि मागून टिक-टिक-टिक असा भराभर आवाज आला. तो पेट्रोलच्या विजेच्या पंपाचा. दोन्ही कार्बोरेटर भरले तसा तो मंदावला आणि थांबला. डॉक्टरसाहेबांनी चोक ओढला, मग स्टार्टर.

धाड!

कार्बोरेटरच्या तोंडातून हातभर जाळ बाहेर आला. आमचा ध्वनिमुद्रक हेडफोन लावून बसला होता, तो जागच्या जागी उडाला. पोरगा वाळूची बादली घेऊन धावला. डॉक्टरसाहेब स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं आणि मला वाटलं, संपलं. हा माणूस आता ताडपत्री मागवणार.

उस्ताद अजिबात हलले नाहीत. त्यांनी प्लगच्या चार वायरींकडे पाहिलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, मग डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवरून वायरी उपटून जागा बदलल्या. एकची वायर चारच्या जागी, चारची एकच्या. दोनची तीनच्या, तीनची दोनच्या.

झालं होतं असं. चार-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर येतो तो दोनदा, एकदा मिश्रण दाबायला आणि एकदा धूर बाहेर ढकलायला. टायमिंग लावताना पहिला पिस्टन वर आलेला पाहून डिस्ट्रिब्युटर बसवतात. पण तो दुसऱ्या वेळचा वर आलेला असेल, तर ठिणगी बरोबर अर्धा फेरा चुकीच्या वेळी पडते. झडप उघडी, ठिणगी पडते, आणि जाळ उलटा बाहेर. या इंजिनाचा पेटण्याचा क्रम १-३-४-२. अर्धा फेरा फिरवायचा म्हणजे एक आणि चार, तीन आणि दोन यांची अदलाबदल. सगळं पुन्हा खोलण्याची गरज नाही. हे नंतर त्यांनी मला समजावलं. त्या वेळी फक्त वायरी बदलताना दिसल्या.

‘‘अब खींचिए, डॉक्टरसाहब।’’

आणि इंजिन लागलं.

तो आवाज. अँबॅसेडरचा आवाज आपल्या सगळ्यांच्या कानात आहे, भरल्या पोटाच्या माणसाच्या घोरण्यासारखा. हा तो नव्हता. मूळ तोच असेल, पण दोन कार्बोरेटरांतून हवा ओढली जात होती तिची एक कोरडी, घाईची फुसफुस वर चढली होती, आणि मागे सायलेन्सरमधून खरखरीत, जाड, मोकळा नाद. नव्या भागांवरचं तेल जळून शेडभर निळा धूर झाला. धुक्यात धूर मिसळला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण काम संपलं नव्हतं. नवा कॅमशाफ्ट असेल तर इंजिन लागल्या लागल्या वीसेक मिनिटं मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर चालवावं लागतं, नाहीतर कॅम झिजतो. पण दोन हजार मोजणार कसे? टॅकोमीटर तर शून्यावर.

इथं आमचा ध्वनिमुद्रक कामी आला. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं. मिनिटाला दोन हजार फेरे, म्हणजे सेकंदाला सुमारे ६७ वेळा. त्याने यंत्रावर पाहून सांगितलं, ‘‘६० आहे, वाढवा. ६४. ६६. बस.’’ आणि मग हसून म्हणाला, ‘‘हा जवळजवळ पांढरी एकचा सा आहे, दोन सप्तकं खाली.’’ तो पेटी वाजवतो.

लखनौत सा लावायला आलेला हा काही पहिला मराठी माणूस नव्हे. मुंबईचे विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये याच शहरात मॅरिस कॉलेज सुरू केलं आणि नंतर श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं. आज ते भातखंड्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. हे मला तेव्हा आठवलं याचं कारण उस्ताद. वीस मिनिटं झाल्यावर त्यांनी इंजिन हळू केलं, रबराची एक नळी घेतली, एक टोक कानात, दुसरं पहिल्या कार्बोरेटरच्या तोंडाशी. ऐकलं. मग दुसऱ्याच्या तोंडाशी. ऐकलं. स्क्रू केसभर फिरवला. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. दोन्हींची फुसफुस एकसारखी होईपर्यंत. तानपुऱ्याची जोडी जुळवताना मी अनेकांना पाहिलं आहे, तोच चेहरा.

अकराच्या सुमारास धुकं उठलं. डॉक्टरसाहेब गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत घेऊन गेले आणि मागे घेऊन आले. सत्तर-ऐंशी पावलं असतील. आम्ही रेसिडेन्सीला गेलो.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. मी पुण्यात. ते अर्ज भरत होते, १४ दिवसांची मुदत जवळ आली होती. ‘‘अहो, इंजिनाच्या नव्या तपशिलात ‘बनावट’ असा रकाना आहे. तिथं मी काय लिहू? तुम्ही इतिहासवाले, सांगा.’’ मी जरा विचार करून म्हटलं, ‘‘बीएमसी लिहा.’’ ते म्हणाले, ‘‘तुमच्या मुंबईच्या महापालिकेने इंजिन बनवलं असं वाटेल.’’ मग बराच वेळ आम्ही त्या एका रकान्यावर बोललो. शेवटी त्यांनी लिहिलं ते असं: हिंदुस्थान मोटर्स, बीएमसी बी-सिरीज रचनेनुसार, १४८९ सीसी, मूळ इंजिनाशी बोअर व स्ट्रोक समान. सोबत दोन्ही ब्लॉकच्या नंबरांचे पेन्सिलने घासून घेतलेले ठसे जोडले, कागद ठेवून पेन्सिल फिरवतात तसे. जुना, खिडकी पडलेला ब्लॉक त्यांनी विकलेला नाही. गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवला आहे, नंबराची बाजू वर करून.

फोन ठेवताना त्यांनी ध्वनिमुद्रणाची एक प्रत मागितली, ६६ वर आणलेला भाग तेवढाच. मी विचारलं, कशाला? म्हणाले, ‘‘कानात बसवायचा आहे. टॅकोमीटर अजून शून्यावरच आहे.’’